कानमुशीच्या डोक्यावरून जाणारं पाणी

6 ऑक्टोबर 2024, रविवार
मिरकरवाडा, रत्नागिरी

कानमुशीचं, म्हणजे हॅमरहेड शार्कचं, पिल्लू हातात घेतलं की बोटं आधी डोक्याच्या पुढच्या कडेवर जातात. ही कड जाड आणि गोल असते. तिथून मागे जावं तसं डोकं पातळ होत जातं आणि मागच्या कडेला जेमतेम कातडीएवढं उरतं. आज सकाळी जेटीवर एका होडीच्या क्रेटमध्ये बांगड्यांखाली अशी पिल्लं पडली होती. पुढच्या कडेला मधोमध खाच, दोन्ही अंगांना आणखी एकेक वळण, म्हणजे जात स्फिर्ना लेविनी. भाचीने पट्टी लावली. लांबी 52 सेंटिमीटर, डोक्याची रुंदी 15, पुढून मागे 5. ही जात जन्मते तेव्हाच 40 ते 55 सेंटिमीटरची असते, म्हणजे या पिल्लांनी समुद्र फार दिवस पाहिलेला नाही.

तांडेल म्हणाले, "सर, ह्यांचं पहिलं डोकंच अडकतं. दुसरी मुशी जाळ्याला धडकून वळते तरी, ही वळायला जाते आणि अजून गुंतते." भाचीने ते लगेच वहीत उतरवलं. ती मत्स्यविज्ञान शिकते आणि असली वाक्यं हातची जाऊ देत नाही.

2019 पासून ही जात धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. एवढ्या लहान वयात जाळ्यात येणारी पिल्लं पाहून मन खट्टू होतं. या आकाराने त्यांना पाण्यात काय मिळतं ते नीट समजून घ्यायचं, असं तिथेच ठरवलं. फ्लुइड मेकॅनिक्स शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्याकडे असलेलं हत्यार तेवढंच.

7 ऑक्टोबर, सोमवार

पुस्तकांतून बरीच वर्षं चालत आलेला खुलासा असा. मुशीच्या पोटात इतर माशांसारखी हवेची पिशवी नसते. सांगाडा कूर्चेचा, यकृत तेलाने भरलेलं, तरी ती पाण्यापेक्षा थोडी जडच राहते. पोहणं थांबलं की खाली जाते. म्हणून छातीजवळच्या परांनी तिला थोडी उचल मिळवावी लागते. कानमुशीचे हे पर तिच्या चुलतभावंडांपेक्षा लहान असतात. मग उरलेली उचल कोण देतं? डोकं. पुढून गोल, मागे निमुळता असा त्याचा छेद विमानाच्या पंखाच्या छेदाशी जुळतोही.

हा खुलासा ऐकताक्षणी पटतो. वर्गातही तो मुलांना फार आवडतो, कारण जीवशास्त्रातला एक प्राणी आणि अभियांत्रिकीतली एक आकृती अचानक एका फळ्यावर येतात. पण छेद पंखासारखा आहे एवढ्यावरून पंखाचं काम होत नाही. उचल छेदापेक्षा कोनावर जास्त अवलंबून असते. सपाट पत्राही तिरपा धरला तर उचल देतो, आणि उत्तम पंख चुकीच्या कोनात धरला तर काही देत नाही. डोकं पाण्याला कोणत्या कोनात सामोरं जातं, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

9 ऑक्टोबर, बुधवार

सुताराकडून शिवणीच्या लाकडात डोकं करून घेतलं, पिल्लाच्या मापाचं. पॉलिश पेपर मारून वर वॉर्निश. मागून एक सळई बसवली, म्हणजे कोन बदलता येतो. कॉलेजच्या हायड्रॉलिक्स लॅबमधला फ्ल्यूम, म्हणजे पाणी वाहतं ठेवायचा काचेचा पाट, 30 सेंटिमीटर रुंद आहे. लाकडी डोक्याची टोकं काचेपासून सात-साडेसात सेंटिमीटरवर येतात. फार जवळ आहेत, पण बघण्यापुरतं चालेल. पुढे बारीक नळ्यांतून पोटॅशियम परमँगनेटचं पाणी सोडलं.

डोकं आडवं, कोन शून्य. जांभळ्या रेघा पुढच्या कडेशी फुटतात, अर्ध्या वरून जातात, अर्ध्या खालून, आणि मागे एकत्र येऊन सरळ पुढे निघून जातात. पाणी वर ढकललं गेलं नाही, खालीही नाही. ज्याने पाण्याला खाली ढकललं नाही त्याला पाणी वर उचलणार नाही, हे न्यूटनच्या तिसऱ्या नियमातच आलं.

मग सळई साधारण 10 अंश कलती केली. मागच्या कडेपासून निघणाऱ्या रेघा स्पष्ट खाली वाकल्या. दोन्ही टोकांशी रंगाने गिरक्या घ्यायला सुरुवात केली. खालचं जास्त दाबाचं पाणी टोकाला वळसा घालून वरच्या कमी दाबाकडे धावतं, त्याचे हे भोवरे. कुठल्याही आखूड पंखाच्या टोकाला ते निघतात आणि त्यांच्यात शक्ती वाया जाते. सळईवर हात ठेवला होता, तिथे ओढ लगेच कळली. वल्हं पात्याच्या कडेने पाण्यातून नेलं तर सहज सरकतं आणि मनगट थोडं वळवलं की अख्खी होडी फिरवतं. तसाच हा प्रकार.

कोन 20 च्या पुढे नेला तेव्हा वरच्या बाजूचा प्रवाह डोक्याला चिकटून राहीना. रंग सगळा कालवला गेला.

10 ऑक्टोबर, गुरुवार

रेनॉल्ड्स आकड्याचा (वेग गुणिले लांबी, भागिले पाण्याचा चिकटपणा) हिशेब केल्याशिवाय कालच्या पाहण्याला वजन नाही. फ्ल्यूममध्ये पाण्याचा वेग सेकंदाला 20 सेंटिमीटर, डोकं पुढून मागे 5 सेंटिमीटर, म्हणून आकडा 10,000 च्या घरात. तेच पिल्लू समुद्रात सेकंदाला एक मीटर गेलं तर 50,000. तीन मीटरच्या मोठ्या मुशीचं डोकं पुढून मागे वीसेक सेंटिमीटर धरलं तर दोन लाखांवर. आकडा जसा चढतो तसा प्रवाह पृष्ठभागाला जास्त वेळ धरून राहतो, त्यामुळे 20 अंशांना झालेला कालवा मोठ्या मुशीला त्याच कोनात होईलच असं नाही. पण शून्य कोनाला उचल नाही आणि थोडा कोन दिला की भरपूर आहे, ही गोष्ट आकड्याने बदलणारी नाही.

13 ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याला भाची घरी आली ती शोधनिबंध घेऊनच. 2020 साली मिसिसिपी विद्यापीठातले ग्लेन पार्सन्स आणि त्यांच्या अभियंता सहकाऱ्यांनी कानमुशीच्या आठ जातींची डोकी संगणकात उभी केली आणि त्यांच्याभोवती पाणी वाहवलं. निष्कर्ष सरळ आहे: सरळ पोहताना डोकं उचल देत नाही. डोकं वर किंवा खाली कललं की मात्र मोठं बळ तयार होतं, आणि इतर मुशींच्या डोक्यापेक्षा ते कितीतरी जास्त असतं. म्हणजे काम वळण्याचं, तरंगत ठेवण्याचं नाही.

त्याच निबंधातली दुसरी बाब मला त्याहून महत्त्वाची वाटते. या डोक्याची किंमत आहे. सगळ्यांत रुंद डोक्याची युस्फायरा ब्लोकाय ही जात आपल्या किनाऱ्यालाही आहे. तिच्या डोक्यावर पडणारा ड्रॅग, म्हणजे पाण्याचा विरोध, साध्या मुशीच्या तुलनेत 20 ते 40 पट निघाला. रोज, जन्मभर, प्रत्येक हेलकाव्याला ती ही किंमत मोजते.

निसर्गातला प्रत्येक आकार प्रवाहाला सोपा करण्यासाठीच घडला असं लोक गृहीत धरून चालतात. मुशीच्या कातडीवरचे बारीक दातेरी खवले, माको मुशीचा टोकदार मुखडा, ही उदाहरणं आपण फार वेळा देतो. कानमुशीने प्रवाह अवघड करून घेतला आणि तरीही ती टिकली. मला ही मुशी नेमकी याचसाठी महत्त्वाची वाटते.

15 ऑक्टोबर, मंगळवार

आज कागदावर ढोबळ हिशेब. पिल्लाच्या डोक्याचं क्षेत्रफळ 15 गुणिले 5, म्हणजे 75 चौरस सेंटिमीटर. वेग एक मीटर. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला 1025 किलो. गतीचा दाब गुणिले क्षेत्रफळ करून पावणेचार न्यूटनच्या आसपास आलं. रुंदी-लांबीचं प्रमाण तीन असलेल्या पंखाला 10 अंशांवर उचलीचा गुणक साधारण 0.65 धरता येतो. म्हणजे अडीच न्यूटन, पाव किलो वजनाएवढं बळ.

आता हे पिल्लू हवेत किलोच्या आसपास. पाण्यात त्याचं वजन त्याच्या अगदी थोड्या भागाएवढंच उरतं, कारण बाकीचा भार पाणी आणि यकृतातलं तेल पेलतं. ते उरलेलं वजन पेलायला डोक्याला दोन-तीन अंशांपेक्षा जास्त कलायची गरजच पडू नये. एवढ्याशा कामाला एवढं मोठं डोकं का?

शिवाय ते बळ लागतं कुठे, ते पाहायला हवं. गुरुत्वमध्याच्या खूप पुढे, अगदी नाकाशी. तिथे कायमची उचल दिली तर तोंड वर जाईल, तोंड वर गेलं की कोन वाढेल, कोन वाढला की उचल आणखी वाढेल. विमानाच्या नाकाशी लावलेला पंखही याच कारणाने त्याची स्थिरता कमी करतो. शांत, एका रेषेत जाणाऱ्या प्राण्याला ही रचना त्रासाची. पण क्षणात तोंड वर किंवा खाली नेणाऱ्या प्राण्याला हीच रचना हवी. समुद्राच्या तळालगत पोहताना वाळूत काही हाललं, तर अडीच न्यूटन आणि गुरुत्वमध्यापर्यंतचं वीसेक सेंटिमीटरचं अंतर, एवढ्या घुमावाने ते किलोभराचं अंग लगेच खाली वळेल. हा हिशेब करताना मला फार आनंद झाला. दुपारी जेवायला हाक आली तेव्हा उठवेना.

18 ऑक्टोबर, शुक्रवार

खाली-वर झालं. डावं-उजवं कसं?

हवाई बेटांतल्या कानीओहे उपसागरात लेविनी जातीच्या माद्या पिल्लं द्यायला येतात. तिथली पिल्लं घेऊन स्टीफन कजिउरा आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये वळणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेजारी तुलनेला सँडबार शार्कची पिल्लं होती. कानमुशीची पिल्लं जास्त वेगाने वळली आणि 90 अंशांहून मोठी तीव्र वळणं त्यांनी दुपटीहून जास्त वेळा घेतली. पण सँडबार वळताना एका कुशीवर कलत होती, विमान कलतं तशी, आणि कानमुशी कलत नव्हती. डोकं आडवंच ठेवून ती वळत होती. म्हणजे आडव्या वळणात डोक्याचा उपयोग सुकाणूसारखा होत नाही. वळण येतं अंगाच्या लवचिकतेतून, आणि डोकं तेव्हा कुशीवर कलंडण्याला विरोध करतं.

तळालगत ही स्थिरता फार मोलाची असणार. वळताना कललं तर त्या रुंद डोक्याचं एक टोक वाळूत घुसेल. तांडेलांनी सांगितलेलं आज पुन्हा आठवलं. अंग इतकं वळतं म्हणूनच ती जाळ्यात स्वतःभोवती फास आवळून घेते.

19 ऑक्टोबर, शनिवार

मोठी कानमुशी, स्फिर्ना मोकॅरान, हिच्याबद्दल 2016 साली निकोलस पेन आणि सहकाऱ्यांनी जे नोंदवलं ते वाचून मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घातल्या. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर आणि बेलीझच्या किनाऱ्याला या मुशींच्या अंगावर उपकरणं लावली, तर त्या सुमारे 90 टक्के वेळ कुशीवर पोहताना सापडल्या. 50 ते 75 अंश कलून, कधी डाव्या कुशीवर, कधी उजव्या. त्यांचा पाठीवरचा पर छातीच्या परांपेक्षा लांब असतो. कुशीवर झालं की तो पर आणि एक छातीचा पर मिळून जास्त रुंद पंख तयार होतो. प्रतिकृती वायुबोगद्यात ठेवून मोजली, तर असं पोहण्यात सुमारे 10 टक्क्यांची बचत निघाली.

आता याच स्थितीत डोक्याचा विचार करू. मुशी 60 अंश कुशीवर असेल तर डोकंही 60 अंश कललेलं. त्या डोक्याने उचल दिलीच तरी तिचा निम्माच भाग वरच्या दिशेने, बाकीचा आडवा ढकलणारा. तरंगत राहण्यासाठी डोक्यावर भिस्त असलेला प्राणी दिवसाचा बहुतेक वेळ असा पोहणार नाही. पंखाच्या जुन्या खुलाशाविरुद्ध मला यापेक्षा मजबूत पुरावा दिसत नाही, आणि तो डोक्याचा अभ्यास करणाऱ्यांकडून नाही, पाठीवरच्या पराचा अभ्यास करणाऱ्यांकडून आला.

22 ऑक्टोबर, मंगळवार

लाकडी डोक्यावर आज एक नवी गोष्ट कोरली. लेविनीच्या नाकपुड्या डोक्याच्या जवळजवळ टोकांना असतात आणि तिथून आतल्या बाजूला, पुढच्या कडेला धरून, एक लांब चर येते. पिल्लू पाहिलं त्या दिवशी ही चर नखाला लागली होती, पण लाकडात करायची राहिली होती. पटाशीने ती काढून घेतली आणि रंगाची नळी पुढच्या कडेच्या मध्याजवळ आणली.

रंगाचा काही भाग चरीत शिरला आणि तिच्यातून बाहेरच्या टोकाकडे सरकत नाकपुडीच्या खड्ड्यात पोचला. मधल्या भागावर येणारं पाणी बाजूला जाताना चर ते गोळा करून नाकात नेते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या स्फिर्ना ट्युडीस या जातीच्या नमुन्यावरून अशा चरीचा अभ्यास झालेला आहे. आधी प्रत्यक्ष प्रतिकृती पाण्यात धरून, पुढे 2013 मध्ये संगणकावर. कानमुशीच्या नाकात पाणी ओढणारं काही नसतं. पोहण्याच्या वेगानेच पाणी आत शिरतं आणि वासाच्या पडद्यांतून फिरून बाहेर पडतं. त्यामुळे डोक्याच्या पुढे पाणी कसं दुभंगतं यावर तिचा वास घेणंच अवलंबून आहे.

नाकपुड्या एकमेकींपासून लांब असण्याचं आणखी एक कारण. 2010 साली जेन गार्डिनर आणि येल्ले आतेमा यांनी दुसऱ्या एका लहान मुशीवर दाखवलं की कोणत्या नाकपुडीत वास आधी आला यावरून ती वळते. अर्ध्या सेकंदाच्या आतला फरक पुरतो. कानमुशीच्या दोन नाकपुड्यांमध्ये जेवढं अंतर जास्त, तेवढा हा फरक ठळक. एकच रुंदी पाण्याचा विरोध वाढवते आणि वासाची दिशाही सांगते, मग नुसता ड्रॅग मोजून डोक्याला बरं-वाईट कसं म्हणणार?

24 ऑक्टोबर, गुरुवार

भाचीबरोबर संध्याकाळी बराच वेळ बोलणं. "मामा, मग एवढा ड्रॅग असलेली ब्लोकाय नामशेष व्हायला हवी होती की," ती म्हणाली.

तिच्या प्रश्नाला उत्तर वंशवृक्षात थोडंफार आहे. 2010 मध्ये जनुकांवरून बांधलेल्या वंशवृक्षात सगळ्यांत रुंद डोक्याची ब्लोकाय ही सर्वांत आधी वेगळी झालेली फांदी निघाली. फावड्यासारख्या लहान डोक्याची बॉनेटहेड, स्फिर्ना टिब्युरो, नंतरची. म्हणजे डोकं थोडंथोडं रुंदावत टोकाला गेलं असा सरळ क्रम दिसत नाही. काही शाखांत ते पुढे लहानही झालं.

डोळ्यांचं मोजमाप 2009 चं आहे. दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसणारा समोरचा भाग ब्लोकायला 48 अंश, लेविनीला 32, बॉनेटहेडला 13, आणि साध्या डोक्याच्या मुशींना दहा-अकरा. अंतराचा अंदाज याच भागात येतो. ब्लोकायच्या डोक्याची रुंदी तिच्या अंगाच्या लांबीच्या निम्म्याजवळ जाते. 20 ते 40 पट ड्रॅग देऊन तिने काय घेतलं, त्यातली एक रक्कम ही.

आणि हे एवढं डोकं आईच्या पोटातून बाहेर कसं येतं? जन्माआधी त्याची दोन्ही अंगं मऊ असतात आणि मागे दुमडलेली असतात. हे सांगितल्यावर भाची एकदम गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे उघडल्यावरच पाणी त्यांना पहिल्यांदा कळत असेल."

27 ऑक्टोबर, रविवार

बहामाच्या उथळ पाण्यात 1990 च्या सुमारास मोठ्या कानमुशीने पाकट मारल्याची नोंद झाली. तिने डोक्याने पाकटाला तळाशी दाबून धरलं, मग अंग फिरवून त्याच्या पंखाचा लचका तोडला. डोक्याच्या खालच्या बाजूला विद्युत जाणणाऱ्या लोरेन्झिनीच्या कुप्या पसरलेल्या असतात. रुंद डोकं एका फेरीत जास्त वाळू तपासतं. आता ही सगळी कामं एका ओळीत लावून पाहिली. वाळूवरून डोकं आडवं ठेवत जायचं, कुप्यांना काही लागलं की डोकं खाली कलवायचं, 15 तारखेच्या हिशेबातलं बळ तिथे उपयोगी पडतं, त्याच डोक्याने पाकट दाबायचं. एवढ्या कामांत उचलीला जागाच नाही, आणि तिची उणीवही भासत नाही.

माझ्या फ्ल्यूममध्ये अजून एक मोठी गोष्ट आलेली नाही. खरी मुशी पोहताना डोकं स्थिर ठेवत नाही, शेपटीच्या प्रत्येक फटक्याबरोबर ते डावं-उजवं डोलतं. डोलताना एका टोकाचा पाण्यातला वेग वाढतो, दुसऱ्याचा कमी होतो. मग दोन्ही टोकांचे भोवरे सारखे राहणार नाहीत, चरीतलं पाणीही एका नाकपुडीत जोरात आणि दुसरीत मंद जाईल. सळईला लहान मोटर आणि क्रँक लावून सेकंदाला एकदा असं डोलवता येईल. लॅबमधल्या तंत्रज्ञांशी बोललो, डिसेंबरमध्ये परीक्षा संपल्यावर फ्ल्यूम आठवडाभर मोकळा आहे. भाची तोवर जेटीवर येणाऱ्या मुशींचं मोजमाप घेते आहे: डोक्याची रुंदी, चरीची लांबी, आणि डोकं अंगाच्या रेषेशी किती अंशांत बसतं ते. सुताराला दुसरं डोकं सांगितलंय, ब्लोकायचं, आणि या वेळी मागे निम्मं धडही जोडायला.